डग विल्यम्स : चेंडू हातात आला, चाव्यांचं काय?



२०२३ च्या फेब्रुवारीतली सोमवारची सकाळ. आमच्या अभ्यासवर्गाच्या ग्रुपवर अमेरिकेतून एक फोटो येऊन पडला. पाठवणारा आमच्यातलाच, उत्तर नागपुरातल्या वस्तीत आमच्यासोबत वाढलेला आणि आता मेरीलँडमध्ये सॉफ्टवेअरच्या नोकरीत असलेला. फोटोत हेल्मेट घातलेले दोन खेळाडू. खाली त्याने लिहिलं होतं की सुपर बोलचे सत्तावन्न अंतिम सामने झाले, पण दोन्ही बाजूंचे क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय असण्याची ही पहिलीच वेळ. आमच्यापैकी कोणालाही त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. एकाने विचारलं, "क्वार्टरबॅक म्हणजे काय रे भाऊ?"

त्याचं उत्तर एका शब्दाचं होतं : "डोकं."

नंतर त्याने फोनवर समजावून सांगितलं. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ बराचसा हातानेच खेळतात. एका बाजूला अकरा जण. काही धिप्पाड गडी फक्त समोरच्याला अडवायला, काही पळायला, काही चेंडू झेलायला. या सगळ्यांच्या मागे क्वार्टरबॅक उभा असतो. डाव तोच पुकारतो, चेंडू आधी त्याच्या हातात येतो आणि तीन-चार सेकंदांत समोरची अख्खी मांडणी वाचून कोणाकडे फेकायचं हे त्यालाच ठरवावं लागतं. बाकीच्यांनी अंग झोकायचं, याने विचार करायचा.

आता यात जात कुठे आली, असं कोणी विचारेल. या खेळात घाम गाळायला कृष्णवर्णीय चालत होते. आज तर त्या व्यावसायिक लीगमध्ये निम्म्याहून जास्त खेळाडू तेच आहेत. पण क्वार्टरबॅक म्हटलं की गोरा. शाळा-कॉलेजात उत्तम क्वार्टरबॅक असलेल्या कृष्णवर्णीय मुलाला वर गेल्यावर सांगितलं जायचं, तू पळतोस छान, तू झेलणारा हो. मार्लिन ब्रिस्को १९६८ साली डेन्व्हरकडून क्वार्टरबॅक म्हणून खेळला, चांगला खेळला, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या संघात त्याला झेलणारा करून टाकला. वॉरन मूनला तर आधी कॅनडात जाऊन पाच अजिंक्यपदं जिंकावी लागली, तेव्हा कुठे अमेरिकेने दार उघडलं. जात ही कामांची नाही तर काम करणाऱ्यांची विभागणी करते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडून ठेवलंय. त्यासाठी पुरुषसूक्त लागतंच असं नाही. तोंड कोण, बाहू कोण, मांड्या कोण, पाय कोण, हे ठरवणारे लोक लुईझियानातही होते.

मांड्यांवरून आठवलं. १५ जानेवारी १९८८, म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग यांचा जन्मदिवस. जिमी स्नायडर नावाचा टीव्हीवरचा नामांकित क्रीडा भाष्यकार कॅमेऱ्यासमोर बोलून गेला की गुलामांच्या मालकांनी धिप्पाड पुरुष आणि धिप्पाड बाई यांची जोडी लावून पैदास केली, म्हणून कृष्णवर्णीयांच्या मांड्या अशा दणकट आहेत. आणि पुढे म्हणाला की आता कोचिंगही त्यांनीच घेतलं तर गोऱ्यांसाठी काही उरणारच नाही. दुसऱ्याच दिवशी वाहिनीने त्याला हाकललं. आमच्या मते त्या वाक्याचा दुसरा भाग जास्त प्रामाणिक होता. मेरिटच्या गप्पांमागे काय दडलेलं असतं ते त्याने एका दमात ओकून टाकलं.

त्यानंतर बरोबर सोळा दिवसांनी, ३१ जानेवारी १९८८ ला, सॅन दिएगोत डग विल्यम्स मैदानात उतरला.

विल्यम्सचा जन्म १९५५ चा, लुईझियाना राज्यातल्या झॅकरी या लहानशा गावचा. शिकला ग्रॅम्बलिंगला. हे ग्रॅम्बलिंग नीट लक्षात ठेवा, कारण ही गोष्ट जितकी विल्यम्सची आहे तितकीच त्या संस्थेची आहे. उत्तर लुईझियानातल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी आपल्या पोरांसाठी शाळा हवी म्हणून खटपट केली, बुकर टी. वॉशिंग्टन यांनी टस्कीगीहून चार्ल्स ॲडम्स यांना पाठवलं आणि १९०१ साली ती शाळा उभी राहिली. तिचं पुढे विद्यापीठ झालं. तिथे एडी रॉबिन्सन नावाचे कोच १९४१ साली आले आणि १९९७ पर्यंत तिथेच राहिले. ४०८ सामने जिंकले. गोऱ्यांची मोठी विद्यापीठं कृष्णवर्णीय पोरांना दारातही उभं करत नव्हती त्या काळात रॉबिन्सन यांनी दोनशेहून अधिक खेळाडू व्यावसायिक लीगमध्ये पाठवले. आणि त्यांनी जाणीवपूर्वक क्वार्टरबॅक घडवले. आधी जेम्स हॅरिस, नंतर डग विल्यम्स.

१९७८ साली टँपा बे संघाचा एक सहायक कोच, जो गिब्स, त्याला पाहायला ग्रॅम्बलिंगला आला. विल्यम्स तेव्हा शिक्षणशास्त्राच्या पदवीसाठी एका शाळेत पाठ घेत होता. गिब्स मागच्या बाकावर बसून राहिला. आम्हाला हा प्रसंग फार आवडतो. सगळे त्याचा दंड बघायला यायचे, हा माणूस त्याला फळ्यासमोर उभा असलेला बघत बसला.

टँपाने त्याला पहिल्याच फेरीत घेतलं. हा संघ जन्मल्यापासून सलग २६ सामने हरलेला. विल्यम्स आल्यावर पाच वर्षांत तीनदा बाद फेरीत गेला, १९७९ ला तर सुपर बोलपासून एक सामना दूर. बदल्यात काय मिळालं? चाहत्यांची शिवीगाळ करणारी पत्रं. आणि एकदा सुंदर कागदात गुंडाळलेला खोका, आत नासकं कलिंगड. अमेरिकेत कृष्णवर्णीयांना कलिंगडावरून हिणवणं हा जुना जातीवाचक प्रकार आहे, आपल्याकडे कोणाला मेलेल्या ढोरावरून हिणवतात तसा. पगार वर्षाला १,२०,००० डॉलर, म्हणजे इतर संघांतल्या काही राखीव क्वार्टरबॅकपेक्षाही कमी. करार संपल्यावर त्याने ६,००,००० मागितले, मालक ४,००,००० वर अडून बसला. त्याच सुमारास, १९८३ च्या एप्रिलमध्ये, त्याची बायको मेंदूतल्या गाठीने गेली. घरात तान्ही मुलगी. तो टँपा सोडून नव्याने निघालेल्या दुसऱ्या लीगमध्ये गेला. टँपाचा संघ त्या वर्षी सोळापैकी दोन सामने जिंकला.

ती नवी लीगही बुडाली. तेव्हा बोलावणं आलं ते गिब्सचंच. तो आता वॉशिंग्टनच्या संघाचा हेड कोच होता. पण जागा राखीव खेळाडूची. १९८६ च्या अख्ख्या मोसमात विल्यम्सने एक चेंडू फेकला. एकच.

आता हा वॉशिंग्टनचा संघ कोणता, तेही सांगायला हवं. त्याचं तेव्हाचं नाव म्हणजे मूलनिवासी अमेरिकनांना दिलेली शिवी होती. ते नाव २०२० पर्यंत टिकलं. त्याचा जुना मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल हा संपूर्ण लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू घेणारा सर्वांत शेवटचा मालक. त्याने घेतले तेही १९६२ साली, मनापासून नाही. संघाचं नवं स्टेडियम सरकारी जमिनीवर होतं आणि केनेडी सरकारने बजावलं की भेदभाव चालू ठेवलात तर इथे खेळता येणार नाही. जे पाझर फुटण्याची वाट बघा म्हणतात, कायद्याने मनं बदलत नाहीत म्हणतात, त्यांनी हे वाचावं. मन मार्शलचंही बदललं नाही. दार मात्र उघडलं. त्याच दारातून सव्वीस वर्षांनी विल्यम्स सुपर बोलला आला.

सामन्याच्या आदल्या दिवशी त्याच्या दातावर कित्येक तास रूट कॅनाल चाललं होतं. पहिल्याच सत्रात घसरून गुडघा मुरगळला. धावसंख्या डेन्व्हर १०, वॉशिंग्टन शून्य. लंगडत बाहेर गेला आणि परत आला. त्यानंतरच्या दुसऱ्या सत्रात, पंधरा मिनिटांच्या खेळात, वॉशिंग्टनने ३५ गुण केले. विल्यम्सने चार टचडाउन फेकले, चारही त्याच सत्रात. शेवटी ४२-१०. सामनावीर डग विल्यम्स. सुपर बोल जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक, आणि समोर हरलेला संघ डेन्व्हर, ज्याने वीस वर्षांपूर्वी ब्रिस्कोला वाऱ्यावर सोडलं होतं.

(सामन्याआधीच्या आठवड्यात पत्रकारांनी त्याला त्याच्या रंगावरून इतकं छळलं की त्यातून एक दंतकथाच तयार झाली, तू कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक कधीपासून आहेस असं कोणीतरी विचारल्याची. प्रश्न नेमका तसा नव्हता असं नंतर पुढे आलं. पण दंतकथा टिकली, कारण बाकीचे प्रश्न त्याहून फार वेगळे नव्हते.)

तर आम्ही काय केलं? २०२३ च्या १४ एप्रिलला विहाराच्या भिंतीवर विल्यम्सचं पोस्टर लावलं. वर मोठ्या अक्षरात "पहिला". बाजूला पळवणकर बाळू. बाळूने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले, पण हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधी दिलं नाही. ते १९२३ साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळालं, तेही भावांनी आधी संघावर बहिष्कार टाकून भांडल्यावर. पोस्टर झकास झालं होतं. पोरांनी सेल्फी काढले. आपल्याला "पहिला" फार आवडतो. पहिला कलेक्टर, पहिली पायलट, पहिला कुलगुरू. त्यात वाईट काही नाही. पण दुसरा कधी आला, हे आपण विचारत नाही. विल्यम्सनंतर सुपर बोलमध्ये सुरुवातीपासून खेळणारा पुढचा कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक आला २००० साली. जिंकणारा पुढचा आला २०१४ साली. सव्वीस वर्षं.

आणि खेळणं संपल्यावर काय, हे तर आम्ही त्या पोस्टरच्या वेळी वाचलंही नव्हतं. मेरीलँडच्या मित्रानेच विचारलं, "तुम्ही त्याचं कोचिंग का नाही लिहिलं?"

१९८९ च्या मोसमानंतर संघाने त्याला सोडलं. १९९३ साली तो आपल्या गावच्या हायस्कूलमध्ये कोच झाला. सुपर बोलचा सामनावीर, शाळेच्या मैदानावर शिट्टी घेऊन. मग नौदलाच्या अकादमीत सहायक, मग मोअरहाऊस कॉलेज, आणि १९९८ साली ग्रॅम्बलिंग, खुद्द रॉबिन्सन यांच्या जागेवर. सत्तावन्न वर्षं एकाच माणसाने सांभाळलेली जागा घेणं सोपं नसतं. विल्यम्सने २०००, २००१ आणि २००२ अशी लागोपाठ तीन अजिंक्यपदं आणली. पुढे काही वर्षं तो टँपाच्याच कार्यालयात खेळाडू निवडण्याच्या कामावर होता. पण त्या मोठ्या लीगमध्ये हेड कोच? कधीच नाही. क्वार्टरबॅकची खुर्ची एका सामन्यापुरती देता येते. कोचची खुर्ची दिली की कोणाला खेळवायचं, कोणाला बसवायचं हेही तोच ठरवणार.

त्या लीगमध्ये १९२१ साली फ्रिट्झ पोलार्ड हा कृष्णवर्णीय खेळाडू-कोच होता. दुसरा आला १९८९ साली, आर्ट शेल. २००३ पासून नियम आहे की हेड कोच नेमताना अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घ्यायलाच हवी. २०२२ साली ब्रायन फ्लोरेस या कोचने कोर्टात दावा लावला की माणूस आधीच ठरवून माझी मुलाखत नावापुरती घेतली. ही मुलाखत आपण ओळखतो ना? "योग्य उमेदवार मिळाला नाही" म्हणून राखीव जागा रिकामी ठेवायची त्याच घराण्यातली ती.

मेंदूवरचा संशय किती खोल असतो त्याचा पुरावा हवाय? डोक्याला मार लागून आजारी पडलेल्या माजी खेळाडूंना भरपाई द्यायची ठरली, तेव्हा बुद्धीच्या चाचणीत कृष्णवर्णीयांची मूळ पातळीच कमी होती असं धरून गुण मोजले जायचे. म्हणजे नुकसान कमी दिसणार, भरपाई मिळणं अवघड होणार. दोन माजी खेळाडू कोर्टात गेले, तेव्हा २०२१ साली लीगने ही पद्धत बंद करण्याचं कबूल केलं. ही एकविसाव्या शतकातली गोष्ट आहे.

इथपर्यंत सगळं आमच्या सवयीचं होतं. शत्रू बाहेरचा, बाजू स्पष्ट. अडचण झाली ती २०१३ वाचताना.

विल्यम्स २०११ साली ग्रॅम्बलिंगला परत आला. पहिल्याच वर्षी अजिंक्यपद. पण संस्था तोवर उपाशी पडली होती. लुईझियाना सरकारने उच्च शिक्षणाचा पैसा कापत नेला होता आणि ग्रॅम्बलिंगचं सरकारी अनुदान काही वर्षांत निम्म्याहून खाली आलं होतं. तेव्हाचा गव्हर्नर होता बॉबी जिंदल, भारतीय वंशाचा म्हणून इथल्या वर्तमानपत्रांनी ज्याचं कौतुक केलं तोच. व्यायामशाळेची जमीन उखडलेली. विल्यम्सने माजी खेळाडूंकडून पैसे जमवून नवी फरशी आणवली. प्रशासन म्हणालं, रीतसर मार्गाने आली नाही. फरशी पडून राहिली. त्यात २०१२ ला संघ अकरापैकी एकच सामना जिंकला. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये, मोसमाचे दोन सामने होताच, विल्यम्सला काढून टाकलं. काढणारे कोणी गोरे मालक नव्हते. आपलीच संस्था, आपलेच प्रशासक.

ऑक्टोबरमध्ये खेळाडूंनी सराव बंद केला. पत्र लिहिलं : खोल्यांत बुरशी आहे, सामन्यांना आम्हाला चौदा-सतरा तास बसने नेता आणि वरिष्ठ विमानाने जातात, जमीन धोक्याची आहे, कोचला का काढलं. १९ ऑक्टोबरला जॅक्सनला सामना होता. पोरं बसमध्ये चढलीच नाहीत. सामना सोडून दिला गेला. विल्यम्सचा स्वतःचा मुलगा त्या संघात क्वार्टरबॅक होता.

हे वाचून आमच्या वर्गात शांतता पसरली. कारण आम्हीही एकदा जेवणाच्या रांगेतून उठलो होतो.

आम्ही तिघे-चौघे कॉलेजात असताना एका वसतिगृहात राहायचो. आपल्याच लोकांच्या संस्थेचं, बाबासाहेबांचा फोटो दर्शनी भिंतीवर. पाण्याच्या टाकीत शेवाळ, डाळीत अळ्या, साठ पोरांना चार संडास. दुसऱ्या वर्षी आम्ही मेसवर बहिष्कार घातला. दुपारी एक ट्रस्टी आले. आम्ही त्यांना काका म्हणायचो, नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्लेला माणूस. शिव्या दिल्या नाहीत. फक्त म्हणाले, "पोरांनो, सरकार अनुदान बंद करायला टपलेलंच आहे. तुम्ही आपल्याच संस्थेची बदनामी केली तर त्यांना आयतं कोलीत मिळेल. बाबासाहेबांच्या नावाची संस्था आहे ही." संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. काकांना दुखवायचं नव्हतं. टाकी तशीच राहिली. त्या पावसाळ्यात आमच्या खोलीतल्या एकाला कावीळ झाली आणि त्याची परीक्षा बुडाली. तो गावी गेला तो परत आलाच नाही.

काका खोटं बोलत नव्हते. अनुदान खरंच अडकलेलं असायचं. ग्रॅम्बलिंगमध्येही पैसा खरंच नव्हता. पण वरून उपासमार होते म्हणून खालच्याने तोंड उघडायचं नाही, हा हिशेब कोणाच्या फायद्याचा? फरशी आणणारा कोच प्रशासनाला डोईजड होतो आणि टाकी दाखवणारी पोरं बदनामी करतात, तेव्हा कापलेल्या अनुदानाबद्दल सरकारला जाब विचारायला रस्त्यावर येणार कोण? ग्रॅम्बलिंगच्या कापलेल्या पैशाची बातमी देशभर झाली ती पोरं बसमध्ये न चढल्यामुळे. त्याआधी पाच वर्षं प्रशासन रीतसर मार्गानेच तर चाललं होतं.

आमच्यातला एक जण याला कबूल नाही. तो म्हणतो, संघ हरत होता, कोचला काढणं चूक कसं? बरोबर आहे. नायक म्हणून विल्यम्सला सवलत द्या असं आमचंही म्हणणं नाही. पोरंही केवळ त्याच्यासाठी उठली नव्हती, पत्रात बुरशी होती, बस होती. पोरं दोन दिवसांनी सोमवारी सरावाला परतली. त्या मोसमात संघ एकच सामना जिंकला. तीन वर्षांनी, २०१६ ला, तोच ग्रॅम्बलिंग पुन्हा अजिंक्य झाला, कोच होता संस्थेचाच एक माजी खेळाडू. विल्यम्स २०१४ पासून वॉशिंग्टनच्या संघाच्या व्यवस्थापनात गेला. २०२० साली संघाचं शिवी असलेलं नाव गेलं आणि स्टेडियमसमोरून मार्शलचं स्मारक उचललं गेलं, तेव्हा तो तिथेच नोकरीत होता.

गेल्या जुलैपासून आमच्याकडे एक पत्र पडून आहे. त्याच वसतिगृहातल्या सध्याच्या पोरांचं. टाकी, संडास, अधीक्षकाची अरेरावी, सगळं तसंच. त्यांनी माजी विद्यार्थी म्हणून आमच्या सह्या मागितल्या होत्या. आम्ही "बघू" म्हणालो होतो. आमच्यातला एक जण आता त्या संस्थेच्या सल्लागार समितीवर आहे, आणि काका अजून हयात आहेत.

परवाच्या रविवारी वर्ग संपल्यावर ते पत्र काढलं. नऊ सह्या झाल्या. समितीवरच्या मित्राने सगळ्यात शेवटी केली, पेन बराच वेळ हातात धरून. एक प्रत समाजकल्याण कार्यालयाला अनुदानाच्या मागणीसह, एक ट्रस्टींना. काकांची प्रत पोस्टाने पाठवायची नाही असं ठरलं. येत्या शनिवारी आम्ही ती त्यांच्या घरी घेऊन जाणार आहोत.